बसून झालेली सुनावणी

सकाळी अकरा वाजता किरवंडे गावच्या शाळेच्या पटांगणात जनसुनावणी सुरू झाली. मांडवात दोनशे खुर्च्या मांडलेल्या होत्या, टेबलावर हिरवं कापड होतं, पाण्याचे जार होते, चित्रीकरण करणारा होता. गावातलं एकही माणूस नव्हतं.

अपर जिल्हाधिकारी हेमंत वानखडे यांनी घड्याळ पाहिलं, माइकवर टिचकी मारली आणि रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला. किरवंडे येथील नियोजित बॉक्साइट खाणीबाबत ग्रामस्थांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी ही सुनावणी आहे, हे त्यांनी वाचून दाखवलं. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी पुढे यावं, असं आवाहन केलं आणि ते खाली बसले. मांडवाचा एक बांबू रात्रीत कलला होता. त्यावरचं कापड वाऱ्याने फडफडत होतं, तेवढाच काय तो आवाज.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा कुडाळहून निघणाऱ्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. संध्याकाळी सहापर्यंत बातमी गेली पाहिजे, हा एकच नियम मला पाठ होता, आणि त्या दिवशी बातमी नेमकी काय आहे हे साडेअकरापर्यंत मला ठरवता येत नव्हतं.

गाव पळणीला गेलं होतं. किरवंड्यात ही जुनी रीत आहे. तीन-चार वर्षांतून एकदा, मार्गशीर्षात, ग्रामदेव रवळनाथाला कौल लावतात. देवाने होकार दिला की सगळं गाव घरांना कुलपं लावून शिवेबाहेर निघतं. नुसती माणसं नव्हेत. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस गाव देवाच्या ताब्यात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देव 'या' म्हणाला तर परत यायचं. सुनावणीची तारीख महिनाभर आधी जाहीर झाली होती. कौल झाला आदल्या शनिवारी, आणि देवाने नेमके हेच तीन दिवस दिले.

सुनावणी पुढे ढकला, असं तहसीलदारांनी सुचवून पाहिलं होतं. वानखडे अमरावतीकडचे, बोलायला शांत. त्यांनी माझ्यापुढे नियमांची प्रत सरकवली.

"आणीबाणीची परिस्थिती असेल तर ढकलता येते. पूर, दंगल, साथ. देव यात कुठे बसतो ते तुम्ही सांगा, मी बसवून देतो."

खरी अडचण वेगळीच होती. सुनावणीला किमान किती माणसं हवीत, अशी अटच नियमात नव्हती. कोणी आलं नाही तरी सुनावणी झाली असंच धरलं जाणार होतं, आणि कोणीही आक्षेप घेतला नाही, असा अहवाल वर जाणार होता. खाणीच्या विरोधात सरपंच वासंती घाडी यांनी दीड वर्षं घरोघर फिरून जे मत तयार केलं होतं, ते त्या रिकाम्या मांडवात मोडीत निघालं असतं.

गंमत अशी की, सुनावणी होऊ नये म्हणून हा कौल वासंतीबाईंनीच लावून घेतला, असं सगळा तालुका बोलत होता. कंपनीचा तरुण वकील तर मला तेच छापा म्हणून सुचवत होता. बाईंनी डाव टाकला आणि तो त्यांच्यावरच उलटला, असं त्याचं म्हणणं. तो खुशीत होता. हिरव्या कापडावर बोटांनी ताल धरून बसला होता.

मी वेळ काढायला बाहेर पडलो. पळणीतलं गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पायवाटांवर पाचोळा तसाच. तुळशीपुढे रांगोळी नाही. एका बंद घरातून घड्याळाचे ठोके ऐकू आले, आणि ते ऐकायला घरात कोणी नाही हे आठवून मी जरा घाईनेच मांडवात परतलो. मांडववाल्याची माणसं कललेल्या बांबूजवळ उभी होती, पण त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. वानखडेंनी स्वतः उठून तो सरळ केला. "वारा आहे," ते म्हणाले. हे देवाचंच काम असं मानणाऱ्या त्या माणसांना ते पटलं नाही.

कंपनीच्या प्रमुख म्हणून अपर्णा खांडेकर आल्या होत्या. खाणकामातल्या अभियंता, चाळिशीच्या, पायात जाड बूट. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या मांडवाबाहेर जाऊन बराच वेळ ऐकत राहिल्या, मध्ये एकदा हसल्या, आणि परत येऊन थेट वानखडेंसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, लोक सड्यावर आहेत."

"ते मला माहीत आहे."

"आणि खाणही सड्यावरच व्हायची आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या लगत घ्यावी, असं नियमात आहे ना?"

वानखडेंनी नियमांची प्रत उघडली, बोट ठेवून वाचलं आणि चष्मा काढला. वकिलाने अपर्णाबाईंना बाजूला घेतलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंचं उत्तर ऐकू आलं. रिकाम्या मांडवावर मिळालेली परवानगी कोर्टात दोन तारखाही टिकणार नाही, असं त्या म्हणाल्या. आणि खाण तीस वर्षं चालवायची आहे, ती गावाशी पहिल्याच दिवशी लबाडी करून चालणार नाही. सुनावणी जाहीर केलेल्या जागी सुरू झाली असून ती प्रकल्पस्थळी पुढे चालू ठेवण्यात येत आहे, असं वानखडेंनी माइकवर सांगितलं, पुन्हा रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला आणि टेम्पोत टेबल चढवायला लावलं.

सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट माळरान. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुलं, एरवी उघडा कातळ. त्याच कातळाखाली बॉक्साइट होतं. शिवेचा दगड ओलांडला आणि समोर अख्खं गाव वसलेलं दिसलं. माडाच्या झापांच्या खोपी ओळीने उभ्या होत्या. गुरं झाडाखाली बांधलेली. एका खोपीत भजनाचा सराव, दुसरीत पत्त्यांचा डाव. आंब्याच्या सावलीत शाळा भरली होती आणि मास्तर पाढे म्हणून घेत होते, कारण पळणीत अभ्यासाला सुट्टी असं देवाने कुठे सांगितलेलं नाही. तीन दगडांच्या चुलींवर घावणे होत होते. गावात असताना कुरकुरणारी माणसं इथे हातपाय पसरून बसली होती. मी पुढेही दोन पळणी पाहिल्या. कपाट, कुलूप, कुंपण काही नसल्यावर माणसं जशी सैल होतात, तशी ती होती.

वासंतीबाई आणि त्यांचे थोरले भाऊ अर्जुन मेस्त्री शेजारशेजारच्या खोपींत होते. गाव त्यांना आपा म्हणतं. सुतारकाम करायचे, साठीला टेकलेले. आपांचं घर गावच्या मानकऱ्यांपैकी, पाळीने कौल लावायचा मान असणारं. खाणीच्या बाजूने गावात सगळ्यात जोराने बोलणारा माणूस तोच, हे मला पत्रकबाजीतून माहीत होतं. आम्ही पोचलो तेव्हा तो विरोधकांच्या म्होरकीच्या, म्हणजे बहिणीच्या खोपीवर चढून झाप बांधत होता आणि ती खालून सुंभ देत होती.

"घट बांध रे दादा. काल रात्री माझ्या डोक्यार चांदणा दिसत होता."

"सरपंच तू. सडो वाचव म्हणतंस. मगे सड्यावरचा चांदणा नको?"

"चांदणा होया. थंडी नको."

टेबल उतरलं, खुर्ची मांडली, माइकला बॅटरी जोडली. वानखडेंनी आवाहन केलं. ज्यांना बाजूने किंवा विरोधात बोलायचं आहे त्यांनी उभं राहावं. तीन-चारशे माणसांपैकी एकही उठलं नाही. वानखडेंनी पुन्हा सांगितलं. लोक एकमेकांकडे पाहून हसू लागले. शेवटी रवळनाथाचा गुरव पुढे आला.

"साहेब, पळणीत भांडूचा नाय. गावातला भांडाण आमी गावातच कुलपात घालून येतंव."

"भांडायचं नाहीच, गुरव. फक्त मत मांडायचं."

गुरवाने विचार केला. "उभ्यान मांडला तर भांडाण. बसान मांडला तर गजाल."

गजाल म्हणजे गप्पा, हे मी वानखडेंच्या कानात सांगितलं. त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. "आणि खुर्चीवर बसून?"

"ती उभीच धरूची," गुरव म्हणाला.

माणसं हसली. वानखडेही हसले आणि बूट काढून चटईवर मांडी घालून बसले. अपर्णाबाई बसल्या. वकील बराच वेळ जागा शोधत राहिला आणि शेवटी फाइलवर बसला. प्रदूषण मंडळाचा अधिकारी आणि दोन पोलीसही बसले. माइक हातातून हातात फिरू लागला. अशी सुनावणी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. एरवी या सुनावण्यांत खुर्च्या फेकल्या जातात, मुर्दाबादच्या घोषणा होतात, आणि आम्ही कोण किती ओरडलं ते लिहितो. इथे एका बाईने आधी अपर्णाबाईंना चहा दिला आणि मग विचारलं, सुरुंगाने घरांना तडे जातात का.

अपर्णाबाई सरळ बोलल्या. तडे जाऊ शकतात. लांबच्या घरांना नाही, सड्याच्या कडेच्या घरांना. भरपाई मिळेल. गावातल्या मुलांना यंत्र चालवायचं शिक्षण देऊन नोकरीत घेऊ, ते लेखी आहे. दवाखाना, रस्ता हेही लेखी आहे. लाल धूळ उडेल. पाणी मारू, पण उडेल. मग वासंतीबाईंनी माइक मागून घेतला. त्यांची माड-पोफळीची बाग सड्याच्या बरोबर खाली आहे आणि ती सड्याच्या कडेला फुटणाऱ्या झऱ्यावर पिकते. सगळं गाव पळणीत त्याच झऱ्याचं पाणी पीत होतं.

"मॅडम, आमच्या झऱ्याचा काय?"

"कमी होईल," अपर्णाबाई म्हणाल्या.

"कितीसो?"

"ते आज कोणालाच सांगता येणार नाही. कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

वकिलाने डोळे मिटले. अपर्णाबाईंनी चुलीवरच्या टोपाकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, हा चहा ज्यात उकळतोय ते ॲल्युमिनियम आहे. विजेची तार ॲल्युमिनियमची. ते कुठल्या ना कुठल्या गावच्या डोंगरातूनच आलंय. आपल्याला टोप हवा असेल आणि खाण मात्र दुसऱ्याच्या सड्यावर हवी असेल, तर तेही एकदा बोलून टाकू.

हे कोणाला झोंबलं असेल तर ते दिसलं नाही. टोप असलेल्या बाईने त्याचं झाकण उचलून आत पाहिलं. वासंतीबाईंनी माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"तशा गावाक तुमी गेल्लास?"

"तशाच एका गावात मी कामाला लागले."

"कसा असा आता?"

अपर्णाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पक्की घरं आहेत, त्या म्हणाल्या. मुली शिकल्या. तिथली एक माझ्या हाताखाली अभियंता आहे. पहिली काही वर्षं पावसाळ्यात नदी लाल वाहायची, आता तितकी नाही. मासे परत आले का, हे मी विचारलेलं नाही.

इथे वकिलाने आपला मुद्दा काढला, आणि तो बिनतोड होता. ग्रामपंचायतीने कंपनीला दिलेल्या आक्षेपात पहिलंच कलम असं होतं की सडा ही देव रवळनाथाची जागा आहे, तिला हात लावता येणार नाही. वकील आवाज न चढवता म्हणाला, "पळणीत देवाच्या हद्दीत कोणी राहायचं नाही, असा तुमचा नियम आहे. तुम्ही सगळे आज इथे राहताय. पिढ्यान् पिढ्या इथेच येता. म्हणजे सडा देवाच्या हद्दीबाहेर आहे. मग आक्षेप खरा की पळण खरी?"

गुरव शिवेच्या दगडाकडे पाहू लागला. ही चूक किरवंड्याच्याच माणसांकडून व्हायची होती. देवाच्या नावाने जागा वाचवायची, आणि देवाने गाव सोडायला सांगितलं की राहायला त्याच जागी यायचं. दीड वर्षात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वासंतीबाईंचा चेहरा उतरला. बाग, झरा, घरोघर घातलेल्या खेपा, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. मी आपांकडे पाहिलं. खाणीच्या बाजूचा माणूस. तो खूश व्हायला हवा होता. तो मान खाली घालून सुंभाचा तुकडा बोटाला गुंडाळत होता.

"चुकला," वासंतीबाई म्हणाल्या. "ता कलम एका वकिलान लिवन दिल्यान. देवाचा नाव घातला काय कोण पुढे बोलना नाय, म्हणालो. आमी सही केलंव. सडो देवाचो नाय, खरा."

वकिलाने लिहून घ्यायला पेन काढलं.

"म्हणानच तो आमका होयो," त्या पुढे म्हणाल्या. "देव गाव मागता तेवा आमी हय येतंव. आजपर्यंत येत इलंव. तुमी सडो नेलास तर फुडच्या पळणीक आमी जावचा खय?"

मालवणी न कळणाऱ्या प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याला मी ते वाक्य सांगितलं. त्याने ते लिहिलं, खोडलं आणि पुन्हा नीट लिहिलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. बसलेली माणसं टाळ्या वाजवत नाहीत. माइक आपांकडे गेला. त्यांनी तो घेतला आणि ते कंपनीकडे नाही, साहेबांकडे नाही, बहिणीकडे वळून बोलले.

"बाय बोलली ता खरा. गावाक जावक जागा होयी. पण गावाची पळण तीन दिसांची. माझे दोन झिल. मोठो वसयेक, धाकटो वापीक. सोळा वर्सा झाली. तेंचो चवथो दिस अजून उजाडूक नाय."

धाकटा मुलगा महेंद्र पळणीसाठी वापीहून आला होता. तो मागे एका खांबाला टेकून बसला होता आणि कानापर्यंत लाल झाला होता.

"देवाक इचारलंय, झिलांका परत येवचो कौल दी. देव गप ऱ्हवलो," आपा म्हणाले. "ह्यो मॅडम तरी बोलतत. काम देतंव म्हणतत. मी कोणाक धरूचा?"

वासंतीबाईंनी हात पुढे करून माइक घेतला आणि मांडीवर ठेवला.

वानखडेंनी महेंद्रला विचारलं, तुमचं मत काय. तो उठू लागला. 'बस' म्हणत चौफेर हात वर झाले तसा खाली बसला. "काम मिळालं तर मी उद्या येईन, साहेब," तो म्हणाला. "पण सुट्टीत आलो की जेवायला आत्याकडेच असतो. मला दोन्हीकडे लिवा."

"तसा रकाना नाही," वानखडे म्हणाले.

"मगे पाडा."

वानखडेंनी खरंच पाडला. अहवालाची प्रत मी नंतर पाहिली. बाजूने, विरोधात, यांच्या शेजारी हाताने रेघ मारून तिसरा रकाना केलेला आहे. महेंद्रनंतर त्यात बरीच नावं आली.

सुनावणी संपली असं जाहीर झालं तेव्हा जेवणाची वेळ उलटून गेली होती. कोणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. भांडण झालेल्या घरांनी पळणीत एका चुलीवर जेवायचं, हीही तिथली रीत आहे, त्यामुळे मेस्त्री आणि घाडी यांची चूल एकच होती. वकिलाला कुळथाची पिठी इतकी आवडली की त्याने वासंतीबाईंकडून ती कशी करायची ते समजून घेतलं. मला मात्र संपादकांचा फोन आला. बाजूने किती, विरोधात किती, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, आकडा नाही. ते म्हणाले, आकडा नाही तर मथळा काय देऊ? मी म्हटलं, सुनावणी बसून झाली. त्यांनी तोच मथळा दिला.

निघण्याआधी मी आपांच्या खोपीपाशी गेलो. बातमीत एक जागा रिकामी होती. हा कौल वासंतीबाईंनी लावून घेतला असं लोक बोलतायत, त्यावर तुमचं काय म्हणणं, असं मी विचारलं. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं. ती झऱ्यावर भांडी घेऊन गेली होती.

"छापू नकात," ते म्हणाले. "कौल मीच लावक सांगितलंय. अवंदाचो मान माझ्या घराचो."

मला क्षणभर कळेना. खाण हवी असलेला माणूस सुनावणीच्या आड पळण का घालेल? सुनावणी उधळावी म्हणून?

"उधळूची नव्हती," ते म्हणाले. "मॅडमना फोन कोणी केल्यान असा वाटता तुमका? वर येवा, मीच म्हटलंय. आमी हय बसान बोलतलंव."

मग त्यांनी सांगितलं ते असं. शाळेतल्या मांडवात दोन बाजू झाल्या असत्या, मध्ये पोलीस. वासंती सरपंच म्हणून उभी राहिली असती, तिच्यासमोर माइक घेऊन ते. मागून दोन्हीकडची माणसं टाळ्या पिटतात, आणि टाळ्या ऐकल्या की माणूस मनात नसलेलंही बोलून जातो. बाजूच्या गावात एका सुनावणीनंतर सख्खे भाऊ एकमेकांच्या घरच्या मयतीला गेले नव्हते, ते त्यांनी पाहिलं होतं. मत बदलायचं नव्हतं. मुलं परत यायला हवीत, हे मत त्यांचं कायम होतं. फक्त ते मांडायची जागा बदलायची होती.

"उभ्यान बोललंय असतंय तर बहीण गेली असती," ते म्हणाले. "बसान बोललंव. आता गेलो तर सडो जायत, नायतर खाण जायत."

"आणि देवाने नाही म्हटलं असतं तर?"

"तर उभ्यान बोललंय असतंय," ते म्हणाले, आणि खोपीवरचा एक झाप ओढून पाहिला, घट्ट आहे का ते.

मी सहाच्या आत बातमी दिली. त्यात हा मजकूर नव्हता.

पुढचं थोडक्यात. वानखडेंचा अहवाल गेला आणि त्यांची वर्षभरात बदली झाली. राज्याच्या समितीने झऱ्याचा नवा अभ्यास मागवला, त्यात चार पावसाळे गेले. मग सड्याच्या पश्चिमेच्या अर्ध्या भागापुरती परवानगी आली. पूर्वेचा भाग 'स्थानिक परंपरेनुसार तात्पुरत्या निवासासाठी' मोकळा ठेवावा आणि पळणीच्या काळात सुरुंग लावू नये, अशा अटी होत्या. अर्ध्या सड्यात परवडत नाही म्हणून कंपनी अपिलात गेली; अर्धाही देऊ नये म्हणून ग्रामपंचायत गेली. अपर्णाबाई कंपनी सोडून गेल्या. दिवाळीला त्यांचा वासंतीबाईंना फोन असतो. महेंद्र चार वर्षांपूर्वी परतला. कुडाळला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, दुपारी तो आत्याकडे जेवायला येतो. मोठा वसईतच आहे. झरा वाहतो आहे.

गेल्या महिन्यात मी किरवंड्याला गेलो होतो. आपा आता सत्तरी ओलांडलेले, पण खोपी बांधण्याइतके धड. आता छापलंत तरी चालेल, असं ते स्वतःच म्हणाले. वासंतीला केव्हाच कळलंय, तिने एवढंच विचारलं की आधी मला का नाही सांगितलंस. दोन्ही अपिलांची अंतिम सुनावणी मार्गशीर्षात लागली आहे. पळणही यंदाच आहे, आणि मान पुन्हा मेस्त्र्यांच्या घराचा आहे.

तारखा पुन्हा एकत्र येतील का, असं मी विचारलं.

"कौल अजून लावक नाय," आपा म्हणाले.